रक्तात न सापडणारे कारण : शेफील्डच्या एका कोरोनर चौकशीचे प्रकरण

इंग्लंडमध्ये एखाद्या मृत्यूची चौकशी कोणी करायची, हे माणूस कुठे मेला यावरून ठरत नाही. त्याचे शव कुठे आणून ठेवले यावरून ठरते. म्हणून २२ नोव्हेंबर २०१७ रोजी व्हिएतनाममधल्या हनोईत आत्महत्या केलेल्या २४ वर्षांच्या तरुणाचे प्रकरण उघडले गेले ते शेफील्डच्या टाऊन हॉलमध्ये, आणि तेही फेब्रुवारी २०२२ मध्ये, सव्वाचार वर्षांनी. शेफील्ड हे एके काळचे पोलादाचे गाव. मुलगा तिथेच वाढला, आईवडील तिथेच राहतात. हनोईत तो इंग्रजी शिकवत होता. शव घरी आले आणि शेफील्डच्या कोरोनरवर कायद्याने जबाबदारी आली.

‘कोरोनर’ हा शब्द मुंबईतल्या जुन्या माणसांना परका नाही. १८७१च्या कायद्याने मुंबई आणि कलकत्त्यात कोरोनर असत. मुंबईतले ते पद १९९९ मध्ये रद्द झाले. महाराष्ट्रात इतरत्र हे काम आधीपासूनच पोलिसांचे होते: आकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, आणि संशयास्पद काही नसेल तर फाइल बंद. इंग्लंडमध्ये मात्र ११९४ पासून हे पद टिकून आहे. तिथला कोरोनर हा स्वतंत्र न्यायिक अधिकारी असतो. अनैसर्गिक किंवा हिंसक मृत्यू असेल, कारण कळत नसेल, तर त्याने चार प्रश्नांची उत्तरे शोधायची: मेला तो कोण, केव्हा मेला, कुठे मेला, कसा मेला. ‘का’ हा प्रश्न त्या यादीत नाही. या प्रकरणात सगळा घोळ त्या गाळलेल्या प्रश्नाभोवतीच आहे.

जेवणाच्या सुट्टीत

मुलाला जुगाराची सवय लागली तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि शाळेत होता. ब्रिटनमध्ये बेटिंगच्या दुकानात शिरायला १८ वर्षे पूर्ण लागतात. तरी जेवणाच्या सुट्टीत मित्रांबरोबर तो शाळेजवळच्या दुकानात जाई. तिथे घोड्यांवर पैसे लावण्याच्या खिडकीबरोबरच पडद्यावर रूलेट खेळवणारी यंत्रे होती. त्यांना तिथे ‘फिक्स्ड ऑड्स बेटिंग टर्मिनल’ म्हणत. त्या यंत्रावर दर २० सेकंदांना १०० पौंडांपर्यंत रक्कम लावता येई. एका दुकानात अशी चारच यंत्रे ठेवायला परवानगी होती, म्हणून कंपन्यांनी एकाच रस्त्यावर दुकाने वाढवली. नियमाला वळसा घालायचा म्हणजे काय, याचा हा सरळ नमुना. दुकानांच्या संख्येवर मर्यादा नव्हती, यंत्रांवर होती.

सुरुवातीला तो जिंकलाही. घरच्यांच्या कानावर गेले तेव्हा गोष्ट पुढे गेली होती. त्याने स्वतःहून दुकानांच्या बंदी-यादीत नाव घालून घेतले, जुगाराच्या साइट अडवणारे सॉफ्टवेअर वापरले. मध्ये मध्ये सुटला, पुन्हा अडकला. तोवर जुगार दुकानातून निघून फोनमध्ये आला होता.

त्याच्या मृत्यूनंतर आईवडिलांनी २०१८ मध्ये ‘गॅम्बलिंग विथ लाइव्ह्ज’ ही संस्था काढली. अशाच रीतीने मुले गमावलेली कुटुंबे तिच्याभोवती जमली. चौकशीत हे कुटुंब मांडत होते ती गोष्ट साधी होती. आमचा मुलगा आजारी होता. आजार कसला हे त्याला कोणी सांगितले नाही, आम्हालाही नाही, आणि ज्यांनी सांगायला हवे होते त्यांना ते माहीत असायला हवे होते.

‘कसा’ या शब्दाची लांबी

साध्या चौकशीत ‘कसा’ याचे उत्तर दोन ओळींत संपते. मानवी हक्कांच्या युरोपीय कराराचे कलम २ लागू झाले तर मात्र हा शब्द लांबतो. हे कलम जगण्याच्या हक्काचे आहे. नागरिकाचा जीव वाचवण्यात सरकारी यंत्रणेची कसूर झाली असावी असे म्हणायला जागा असेल, तर कोरोनरने ‘कसा आणि कोणत्या परिस्थितीत’ हेही तपासायचे, असे २००९च्या ‘कोरोनर्स अँड जस्टिस’ कायद्यात आहे. तुरुंगातले मृत्यू, मनोरुग्णालयातले मृत्यू यांत हे कलम नेहमी येते. घरात किंवा परदेशात, सरकारच्या ताब्यात नसताना मेलेल्या जुगाऱ्यासाठी ते आजवर कोणी लावले नव्हते. शेफील्डचे कोरोनर डेव्हिड अर्पेथ यांनी ते लावले.

या एका निर्णयाने चौकशीची खोली भरली. जुगाराचे नियमन करणारा ‘गॅम्बलिंग कमिशन’ हा आयोग आणि सरकारची खाती आता उत्तर द्यायला बांधील झाली. दोन आठवडे साक्षी झाल्या.

कोरोनरची चौकशी हा खटला नव्हे, तिथे वादी-प्रतिवादी नसतात, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात सरकारी संस्था वकील घेऊन येतात. खात्यांच्या वकिलांचे पैसे करातून जातात. आयोगाच्या वकिलांचे पैसे परवाना फीमधून, म्हणजे जुगार कंपन्यांच्या कमाईतून, म्हणजे शेवटी हरणाऱ्यांच्या खिशातून. कुटुंबाला मात्र वकिलासाठी सरकारी मदत आपोआप मिळत नाही. ‘अपवादात्मक प्रकरण’ म्हणून अर्ज करावा लागतो, आणि जानेवारी २०२२ पर्यंत तर त्या अर्जासाठी घरातल्या उत्पन्नाची झडतीही द्यावी लागे. ही चौकशी उभी राहण्याच्या जेमतेम महिनाभर आधी ती उत्पन्नाची अट काढली गेली.

४ मार्च २०२२ रोजी निष्कर्ष आला. जुगाराने मृत्यूला हातभार लावला, हे अर्पेथ यांनी नोंदवले. जुगाराच्या धोक्यांविषयीची माहिती, इशारे आणि उपचार हे सगळे दयनीय म्हणावे इतके अपुरे होते, असे त्यांनी म्हटले. आपल्याला व्यसन लागले यात आपला दोष नाही हे त्या मुलाला समजलेच नाही, आणि त्यातून लाज व निराशा वाढत गेली, हेही नोंदीत आले. डॉक्टरांच्या प्रशिक्षणातली उणीव त्यांनी दाखवली आणि मुलाच्या मृत्यूनंतर झालेले बदल पुरेसे नाहीत असे सांगितले. मात्र सरकारने कलम २चा भंग केला, इथपर्यंत ते गेले नाहीत.

या शेवटच्या वाक्यावरून निकाल ‘अर्धा’ होता अशी टीका करता येईल. मला ती पटत नाही. कोरोनरला कोणाची दिवाणी वा फौजदारी जबाबदारी ठरवण्याची मुळातच मनाई आहे. त्याच्या हातात जे असते ते त्याने वापरले: भविष्यातले मृत्यू टाळण्यासाठीचा अहवाल. तो आरोग्य, शिक्षण आणि संस्कृती-क्रीडा अशा तीन खात्यांना गेला. ज्याला असा अहवाल जातो त्याने ५६ दिवसांत लेखी उत्तर द्यायचे असते. उत्तर दिलेच पाहिजे. त्यात लिहिलेले केलेच पाहिजे असे नाही. न केल्यास कोरोनर काही करू शकत नाही.

दोन खिसे

हे प्रकरण मी अभ्यासासाठी निवडले ते निकालासाठी नाही. त्यात शासनाच्या दोन जुन्या कामांची, जुगारावर लक्ष ठेवण्याची आणि अनैसर्गिक मृत्यू तपासण्याची, एकाच टेबलावर गाठ पडते. आणि ही दोन कामे अगदी वेगवेगळ्या खिशांतून चालतात.

पहिला खिसा आयोगाचा. २००५च्या जुगार कायद्याने हा आयोग आला, कायदा पूर्णपणे लागू झाला २००७ मध्ये. कचेरी बर्मिंगहॅमला. नॅशनल लॉटरीचे काम सोडले तर त्याचा खर्च कंपन्यांनी भरलेल्या परवाना फीमधून चालतो. तत्त्व चांगले वाटते: धंदा ज्याचा, देखरेखीचा खर्च त्याचा. करदात्याला तोशीस नाही. पण फी वाढवायची तर ती सरकारच्या खात्यामार्फत, संसदेत नियम मांडून वाढते. जुगार फोनवर गेला त्या वेगाने नियम बदलत नाहीत. शिवाय कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या की परवाने घटतात, आणि धंदा वाढत असताना देखरेखीचा पैसा घटू शकतो. नॅशनल ऑडिट ऑफिसने फेब्रुवारी २०२० मध्ये हिशेब मांडला: लॉटरी वगळता उद्योगाचे ढोबळ उत्पन्न, म्हणजे लावलेल्या पैशांतून जिंकणाऱ्यांना दिलेले वजा जाता उरलेली रक्कम, वर्षाला ११.३ अब्ज पौंड. आयोगाकडे परवाना फीचे सुमारे १ कोटी ९० लाख. त्याच वर्षी जूनमध्ये संसदेच्या लोकलेखा समितीच्या अध्यक्ष मेग हिलियर यांनी आयोगाला सुस्त आणि दात नसलेला म्हटले. दात नव्हते हे खरेच, पण दातांचा खर्च कोण करणार होते? ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑनलाइन कंपन्यांची वार्षिक फी ५५ टक्क्यांनी वाढवावी लागली.

आयोगाने पुढे मोठे दंड केले. मार्च २०२३ मध्ये विल्यम हिल समूहाला १ कोटी ९२ लाख पौंड भरावे लागले. वाचणाऱ्याला वाटेल, चला, आयोगाची तिजोरी भरली. तसे होत नाही. दंडाची रक्कम सरकारी खजिन्यात जाते, आणि तडजोडीची रक्कम समाजोपयोगी कामांना. हे योग्यच आहे. देखरेख करणाऱ्याचे पोट दंडावर चालू लागले तर काय होते, ते रस्त्यावरच्या नाक्यावर आपण पाहतोच.

दुसरा खिसा कोरोनरचा, आणि हा अगदीच गावठी आहे. इंग्लंड-वेल्समध्ये कोरोनरला नेमते आणि पगार देते ती स्थानिक कौन्सिल. आपल्या घरपट्टीची आठवण करून देणारा जो कौन्सिल टॅक्स, आणि केंद्राकडून कौन्सिलला मिळणारा जो पैसा, त्यातूनच कोरोनरची कचेरी, शवागाराचे भाडे, शवविच्छेदन, रक्ताच्या चाचण्या, सुनावणीची खोली हे सगळे भागते. त्याच पैशांतून म्हाताऱ्यांची देखभाल होते, कचरा उचलला जातो, रस्त्यांचे खड्डे बुजवले जातात. तपासाला फिरणारे कोरोनरचे अधिकारी अनेक ठिकाणी पोलीस दल पुरवते. म्हणजे एका कोरोनरकडे दोन अधिकारी असतील का पाच, हे त्या भागातल्या कौन्सिलच्या आणि पोलिसांच्या अंदाजपत्रकावर अवलंबून. साध्या शवविच्छेदनासाठी पॅथॉलॉजिस्टला मिळणारे शुल्क २०१३च्या नियमांत ९६ पौंड ८० पेन्स ठरले. नळ दुरुस्त करायला इंग्लंडमध्ये प्लंबर बोलवावा, साधारण तेवढेच. मे २०२१ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या न्याय समितीने म्हटले की हे विखुरलेले काम एकत्र करून एकच राष्ट्रीय कोरोनर सेवा करावी आणि तपासणीची यंत्रणा असावी. सरकारने नकार दिला.

असा कोरोनर जेव्हा एका तरुणाच्या आत्महत्येची फाइल उघडतो, तेव्हा काय शोधणे स्वस्त असते आणि काय महाग? दारू रक्तात सापडते. अमली पदार्थ सापडतात. गोळ्या सापडतात. प्रयोगशाळेला नमुना पाठवला की उत्तर कागदावर येते. जुगार रक्तात सापडत नाही. तो सापडतो बँकेच्या स्टेटमेंटमध्ये, फोनमधल्या ॲपमध्ये, दहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या खात्यांत, पहाटे तीन वाजता टाकलेल्या पैशांच्या नोंदीत. ते मिळवायला अधिकाऱ्याचे दिवस लागतात, कंपन्यांना पत्रे जातात, घरच्यांशी बसून बोलावे लागते. घरच्यांना तर बहुधा ठाऊकच नसते. जुगारी माणूस तोल जाऊन घरी येत नाही, त्याच्या तोंडाला वास येत नाही. ज्या कोरोनरकडे अधिकारी कमी, तो हे विचारत बसत नाही. तो दुष्ट असतो म्हणून नव्हे. त्याच्या टेबलावर पुढची फाइल आलेली असते.

शेफील्डला हे विचारले गेले ते कुटुंबाने विचारायला लावले म्हणून.

४०९, ११७, ४९६

न विचारल्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने सप्टेंबर २०२१ मध्ये सांगितले की जुगाराशी संबंधित आत्महत्या वर्षाला ४०९. जानेवारी २०२३ मध्ये त्याच कामाच्या सुधारित आवृत्तीत आकडा आला ११७ ते ४९६. एक सुटा आकडा जाऊन त्या जागी चौपटीहून रुंद पट्टा आला. उद्योगाच्या बाजूने बोलणाऱ्यांना हे आयतेच फावले. ‘यांनाच नक्की माहीत नाही’ असे म्हणणे सोपे झाले. पण आकडा असा ताणला जातो याचे कारण काय, हे पाहिले पाहिजे. हे आकडे इंग्लंडच्या मृतांच्या फायली मोजून आलेले नाहीत. स्वीडनमध्ये जुगाराच्या व्यसनाचे निदान झालेल्या रुग्णांत आत्महत्येचे प्रमाण किती पट आढळले, ते इंग्लंडमधल्या जुगाऱ्यांच्या अंदाजित संख्येला लावून केलेले हे गणित आहे. स्वीडनचा आकडा घ्यावा लागला कारण इंग्लंडकडे स्वतःचा नव्हता.

स्वतःचा आकडा काढता येतो, हे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने दाखवले. तिथल्या २००९ ते २०१६ या आठ वर्षांतल्या आत्महत्यांच्या कोरोनरकडच्या फायली संशोधकांनी धुंडाळल्या, आणि २०२३ मध्ये निष्कर्ष छापला: १८४ माणसे स्वतःच्या जुगारामुळे, आणखी १७ जण दुसऱ्या कोणाच्या जुगाराने होरपळून. मिळून राज्यातल्या आत्महत्यांच्या किमान ४.२ टक्के. ‘किमान’ हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला, कारण पोलिसांनी विचारलेच नसेल तिथे तेही कोरडेच राहिले. तरी हे जमले का? कारण व्हिक्टोरियात कोरोनर हे राज्याचे एक न्यायालय आहे, त्याचा खर्च राज्याच्या अंदाजपत्रकातून होतो, आणि २००८ पासून त्याच्याकडे प्रतिबंधाच्या दृष्टीने मृत्यू अभ्यासणारा स्वतंत्र विभाग आहे. तिथे फाइल बंद झाल्यावरही कोणीतरी ती वाचायला पगार घेते. इंग्लंडमध्ये ती कौन्सिलच्या कपाटात जाते.

ब्रिटिश संसदेत यावर प्रयत्न झाला. सेंट आल्बन्सचे बिशप ॲलन स्मिथ यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये एक खासगी विधेयक आणले: आत्महत्येच्या प्रकरणात जुगारासारखे कारण हातभार लावणारे असेल तर कोरोनरने ते नोंदवावे. सरकारचे म्हणणे असे की कोरोनरचे काम ‘कोण, केव्हा, कुठे, कसा’ एवढेच, ‘का’ त्याच्या कक्षेबाहेर. विधेयकाचा कायदा झाला नाही. सरकारच्या म्हणण्यात कायद्याच्या दृष्टीने चूक काढता येणार नाही, आणि एका माणसाने का जीव दिला हे कोण ठामपणे सांगणार, हा प्रश्नही खराच आहे. पण मग दारूचे प्रमाण कशाला लिहायचे? ते लिहिले जाते कारण ते मोजता येते.

उपकर आला

शेफील्डचा निकाल आणि आणखी एक घटना एकाच महिन्याच्या आगेमागे घडल्या. जुगाराच्या व्यसनावरच्या उपचारांना ब्रिटनमध्ये पैसे देई ती ‘गॅम्बल अवेअर’ ही धर्मादाय संस्था, आणि तिला पैसे देत त्या जुगार कंपन्या, स्वखुशीने. किती द्यायचे ते कंपन्याच ठरवत. बराच काळ अपेक्षा होती ती ढोबळ उत्पन्नाच्या ०.१ टक्क्याची, म्हणजे हजार पौंडांमागे एक. २०१९ मध्ये पाच मोठ्या कंपन्यांनी ते हळूहळू १ टक्क्यावर नेण्याचे कबूल केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये इंग्लंडच्या एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, जाहीर केले की एप्रिलपासून आपली जुगार-उपचार केंद्रे हा पैसा घेणार नाहीत. ज्यांनी घर बुडवले त्यांच्याच पैशांवर उपचार घ्यायला रुग्ण कचरतात, असे डॉक्टरांचे म्हणणे होते.

खरे तर २००५च्या कायद्यातच, कलम १२३ मध्ये, कंपन्यांवर सक्तीचा उपकर लावण्याचा अधिकार सरकारला होता. वीस वर्षे तो कोणी वापरला नाही. दान मिळतेय तर कर कशाला, हा त्यामागचा विचार. एप्रिल २०२३च्या श्वेतपत्रिकेत सरकारने अखेर उपकराची भाषा केली, मध्ये सरकार बदलले, आणि ६ एप्रिल २०२५ पासून तो लागू झाला. दर धंद्याच्या प्रकाराप्रमाणे ०.१ ते १.१ टक्के; ऑनलाइन कंपन्यांना सर्वांत वरचा, कारण तिथे दुकानाचे भाडे नाही, कर्मचारी कमी, आणि धोका जास्त. वर्षाला सुमारे १० कोटी पौंड अपेक्षित. निम्मे एनएचएसच्या उपचारांना, ३० टक्के प्रतिबंधाला, २० टक्के संशोधनाला. ‘गॅम्बल अवेअर’ने आपण मार्च २०२६ पर्यंत काम बंद करू असे जाहीर केले. दुकानातल्या त्या यंत्रांवरची मर्यादा १०० पौंडांवरून २ पौंडांवर एप्रिल २०१९ मध्येच आली होती. ती आधी लांबणीवर टाकली म्हणून क्रीडा मंत्री ट्रेसी क्राउच यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये राजीनामा दिला होता. ऑनलाइन स्लॉटवर, म्हणजे चित्रांची चाके फिरवणाऱ्या खेळांवर, मर्यादा आली २०२५ मध्ये: एका खेळीला ५ पौंड, आणि १८ ते २४ वयाच्यांना २.

हे सारे एका चौकशीने घडले असे म्हणणे खोटे ठरेल. संसदेतल्या समित्या, डॉक्टर, पत्रकार, कुटुंबे यांचे वर्षानुवर्षांचे काम त्यात आहे. शेफील्डने त्याला एक गोष्ट दिली: न्यायिक अधिकाऱ्याने शपथेवरच्या पुराव्यानंतर लिहिलेले वाक्य. मंत्र्याला आकड्यावर वाद घालता येतो, या वाक्यावर घालता येत नाही.

पुढचे पाऊल लेस्टरला पडले. तिथे एका ४० वर्षांच्या माणसाच्या २०२१ मधल्या मृत्यूच्या चौकशीत बेटफेअर या सट्टा कंपनीला ‘संबंधित पक्ष’ म्हणून बसवले गेले. ब्रिटनमध्ये जुगार कंपनीवर असे पहिल्यांदाच घडले. जून २०२३ मध्ये कोरोनरने जुगाराचे व्यसन हे मृत्यूचे एक कारण म्हणून नोंदवले आणि कंपनीने पुरेशी पावले उचलली नव्हती असे म्हटले. शेफील्डला हजर होते ते नियामक आणि सरकार. लेस्टरला कंपनीच्या नोंदी टेबलावर आल्या.

आता उपकराची वाटणी पुन्हा एकदा वाचावी. उपचार, प्रतिबंध, संशोधन. कोरोनरचे नाव त्यात कुठे नाही. संशोधनाला जे २० टक्के जातील, त्यांतून उद्या कोणीतरी इंग्लंडमधल्या जुगारी आत्महत्या मोजायला बसेल, आणि मोजण्यासाठी कोरोनरच्या फायली मागेल. त्या फायलींत प्रश्न विचारलाच गेला नसेल, तर संशोधकाला पगार मिळेल, उत्तर मिळणार नाही. माझ्या मते या सगळ्या सुधारणेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित कलम हाच आहे. उपकरातला एखादा टक्का बाजूला काढून प्रत्येक कोरोनरच्या भागात बँक-नोंदी वाचता येणारा एक अधिकारी दिला असता, तरी ११७ आणि ४९६ मधले अंतर पुष्कळ कमी झाले असते. आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे: उद्योगाच्या पैशावर न्यायिक अधिकारी चालवायचा का? पण सक्तीने वसूल होऊन सरकारच्या हातून येणारा पैसा आणि कंपनीने मर्जीने दिलेले दान यांत फरक आहे, हे एनएचएसने करून दाखवले आहे. दान नाकारले, उपकर घेतला.

आपल्याकडची नोंदवही

महाराष्ट्रात जुगारावर १८८७चा प्रतिबंधक कायदा आहे, म्हणजे नियामक नाही, पोलीस आहेत. त्याच वेळी राज्याची स्वतःची लॉटरी १९६९ पासून आहे. १९७६ मध्ये कॅसिनोला परवानगी देणारा कायदा झाला, तो कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द झाला. शेजारच्या गोव्यात उलट: तिथलाही कायदा १९७६चाच, पण १९९० च्या दशकातल्या दुरुस्त्यांनी आधी पंचतारांकित हॉटेलांत यंत्रे आली, मग मांडवीत जहाजे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ देशभर बंद झाले. त्याआधीच्या काही वर्षांत रमी आणि फॅन्टसी क्रिकेटची ॲप गावोगाव पोचली होती, आणि बंदीनंतर परदेशातून चालणाऱ्या साइट कुठे जात नाहीत.

या काळात किती जणांनी त्यापायी जीव दिला? बातमीत वाक्य असते, ‘पोलिसांनी आकस्मात मृत्यूची नोंद केली आहे.’ कारणाच्या रकान्यात कर्जबाजारीपणा येतो. ते कर्ज बियाण्याचे, आजारपणाचे, बहिणीच्या लग्नाचे की ॲपचे, हे पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराने विचारावे असे त्याला कोणी सांगितलेले नाही. घरच्यांना ते सांगण्याची लाज वाटते, शेफील्डच्या मुलाला वाटत होती तशीच. यूपीआयचा तीन महिन्यांचा उतारा फाइलला लावला तर निदान दिसेल. आपल्याकडे कोरोनर नाही, पण त्याला लागणारा कागद मात्र इंग्लंडपेक्षा सहज मिळतो. (या ओळी वाचणाऱ्या कोणाच्या घरी ही गोष्ट चालू असेल तर सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ वर मराठीतून बोलते. पैसे लागत नाहीत.)

नोव्हेंबर २०२५च्या ब्रिटिश अंदाजपत्रकात ऑनलाइन कॅसिनोवरचा कर एप्रिल २०२६ पासून २१ वरून ४० टक्के करण्याचे ठरले. कर वाढला की लोक बेकायदा साइटकडे वळतील, अशी ओरड उद्योगाने केली, तेव्हा बेकायदा बाजार रोखण्यासाठी आयोगाला तीन वर्षांत २ कोटी ६० लाख पौंड सरकारने कबूल केले. फीवर चालणाऱ्या आयोगाला सरकारी खजिन्यातून पैसा मिळाला. शेफील्डच्या कोरोनरचा खर्च अजूनही स्थानिक कौन्सिलच देते.